कुशल कामगार स्थलांतराचा अर्ज आणि वकिलाची आवश्यकता : मराठवाड्यातील अर्जदाराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांकडे माजी विद्यार्थी निरनिराळ्या कारणांनी येत असतात. कोणास वर्तणुकीचा दाखला हवा असतो, कोणास शिफारसपत्र, तर कोणास विद्यापीठाकडून गुणपत्रकाची मोहोरबंद प्रत परदेशी संस्थेकडे पाठवावयाची असते. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणाहून शिकलेली मुले आज पुणे, हैदराबाद, बेंगळुरू येथे नोकरी करीत आहेत आणि त्यांतील काही कॅनडा, जर्मनी वा ऑस्ट्रेलिया या देशांत कुशल कामगार म्हणून जाण्याचा विचार करीत आहेत. कागदपत्रांच्या निमित्ताने आलेला विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो : "सर, अर्ज स्वतः भरावा की वकील लावावा?" हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. चुकीच्या माणसाच्या हाती दिलेला अर्ज पाच वर्षांची बंदी ओढवून घेऊ शकतो, आणि आवश्यक तेथे वकील न घेतल्याने हाती असलेला कायदेशीर मार्गही मुदतीत बंद होऊ शकतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे कॅनडाच्या संदर्भात केला आहे, कारण तेथे नोकरीचा प्रस्ताव हाती नसतानाही व्यक्तीला स्वतःच्या नावाने स्थायी निवासासाठी अर्ज करता येतो. इतर देशांचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

वकील, सल्लागार आणि एजंट :

आपल्याकडे या तीनही शब्दांचा वापर सरमिसळ होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत भेद आहे. कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम ९१ नुसार पैसे घेऊन स्थलांतराविषयी सल्ला देण्याचा वा अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींना आहे : कॅनडातील कोणत्याही प्रांताच्या विधिज्ञ परिषदेचे सदस्य असलेले वकील, तेथील परवानाधारक विधिसाहाय्यक, क्वेबेक प्रांतातील नोटरी, आणि परवानाधारक स्थलांतर सल्लागार. सल्लागारांच्या नियमनासाठी २००४ मध्ये एक स्वयंनियामक संस्था स्थापन झाली, २०११ मध्ये तिची जागा दुसरीने घेतली, आणि नोव्हेंबर २०२१ पासून हे काम कायद्याने स्थापन झालेल्या 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या संस्थेकडे आले. दोन दशकांत दोनदा नियामक बदलावा लागला, यावरून या व्यवसायातील गैरप्रकारांचे प्रमाण लक्षात यावे. परवानाधारकांची यादी सर्वांना पाहण्यासाठी खुली असून नाव वा परवाना क्रमांक घालून पाच मिनिटांत पडताळणी होते.

यातून एक बाब स्पष्ट होते. सेलू वा परभणीच्या न्यायालयात सनद घेऊन काम करणारा आपला वकील कितीही अभ्यासू असला तरी केवळ त्या सनदेच्या बळावर तो फी घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी होऊ शकत नाही. हीच गोष्ट शहरातील झगमगत्या कार्यालयात बसलेल्या 'व्हिसा कन्सल्टंट'ची. त्याच्याकडे कॅनडाचा परवाना नसेल, तर अर्जात त्याचे नाव प्रतिनिधी म्हणून दाखवता येत नाही, आणि म्हणून ते दाखवलेच जात नाही. अर्जदाराच्या नावाने खाते उघडून, संकेतशब्द स्वतःकडे ठेवून, अर्जदाराला न दाखवताच मजकूर भरला जातो. अर्जदाराने मोबदला घेणारा वा न घेणारा कोणताही प्रतिनिधी नेमल्यास त्याची नोंद ठरावीक प्रपत्रात करणे बंधनकारक आहे. त्या प्रपत्रावर सही करण्यास टाळाटाळ करणारा मनुष्य कोणत्याही कारणाने विश्वासार्ह ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नातेवाईक वा मित्र मोबदला न घेता मदत करीत असेल, तर त्यास कायद्याची हरकत नाही.

ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने असेच नियमन आणले. तेथील नियामक कार्यालय जानेवारी २०२५ पासून 'इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी' या नावाने ओळखले जाते. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत स्थलांतर एजंट व वकील यांच्या कार्यक्षेत्राची विभागणी मार्च २०२१ मध्ये बदलली. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. परंतु स्थायी निवासाचा अर्ज भरून देणारा 'भरती एजंट' या व्याख्येत सहसा बसत नाही. म्हणजे ज्या व्यवहारात मराठवाड्यातील कुटुंबाचे लाखो रुपये गुंततात, त्यावर त्या अधिनियमाची देखरेख पोहोचत नाही.

गुणांचे गणित आणि वकिलाची मर्यादा :

कॅनडाने १९६७ मध्ये वंश वा राष्ट्रीयत्वाऐवजी गुणांवर आधारित निवडपद्धती स्वीकारली. त्यापूर्वी, १९५१ च्या करारान्वये, भारतातून वर्षाला अवघ्या १५० व्यक्तींना प्रवेश होता. १९५७ पासून तो आकडा ३०० झाला. आजच्या संघीय कुशल कामगार प्रवर्गात पात्रतेसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेस २८, शिक्षणास २५, अनुभवास १५, वयास १२, निश्चित नोकरीस १० आणि अनुकूलनक्षमतेस १० अशी त्यांची विभागणी आहे. १ जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' ही पद्धती सुरू झाली. तीत पात्र उमेदवारांची १२०० पैकी गुणांनी क्रमवारी लावून वरच्या उमेदवारांना अर्जाचे निमंत्रण दिले जाते.

हे गणित समजून घेतल्यास वकील काय करू शकत नाही ते आपोआप कळते. इंग्रजीच्या परीक्षेतील गुण तो वाढवू शकत नाही. वय कमी करू शकत नाही. निमंत्रण 'मिळवून' देऊ शकत नाही, कारण निवड संगणकीय क्रमवारीने होते. तसे आश्वासन देणारा अज्ञानी तरी असतो किंवा लबाड तरी. ज्या अर्जदाराचे शिक्षण सलग, नोकरी एकाच प्रकारची, कुटुंब साधे आणि पूर्वेतिहास निर्मळ आहे, त्याला अर्ज स्वतः भरता येतो. सूचना इंग्रजीत असल्या तरी क्लिष्ट नाहीत, आणि जो उमेदवार इंग्रजीच्या परीक्षेत उच्च गुण मिळवतो त्याला त्या समजू नयेत असे काही नाही. निमंत्रणानंतर संपूर्ण अर्ज दाखल करण्यास जून २०१८ पासून ६० दिवस मिळतात. तेव्हा कागदपत्रे आधीच गोळा करून ठेवणे हे वकील लावण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

शिवाय धोरणच बदलले तर वकीलही हतबल असतो. २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी कॅनडाच्या या प्रवर्गात अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या सुमारे २,८०,००० व्यक्तींचे अर्ज जून २०१२ मध्ये कायदा करून संपुष्टात आणले गेले आणि त्यांची फी परत करण्यात आली. त्याविरुद्धचे दावे तेथील संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळले, २०१४ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. अलीकडचे उदाहरण म्हणजे नोकरीच्या प्रस्तावासाठी क्रमवारीत मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झाले. त्या गुणांच्या आशेने ज्यांनी बनावट नोकरीपत्रे विकत घेतली असतील, त्यांचे पैसेही गेले आणि गुणही.

अर्ज अडतो कोठे :

अर्ज फेटाळले जाण्याची कारणे बहुधा कायद्याच्या गूढ तरतुदींत नसून कागदांत असतात. येथेच घोडे पेंड खाते, आणि येथेच महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध येतो.

प्रथम नावाचा प्रश्न. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि पुढे आईचे नाव असते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. एका कागदावर 'विठ्ठल' असलेले वडील दुसऱ्यावर 'विठ्ठलराव' होतात. विवाहित स्त्रीच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावाने आणि पारपत्र सासरच्या नावाने असते. परदेशी अधिकाऱ्याला 'राव' हा आदरार्थी प्रत्यय आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पूर्वी शाळेत घालताना गुरुजींनी सर्रास लिहिलेली १ जूनची जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीशी जुळली नाही, तर तेही एक स्पष्टीकरण मागते. या सर्वांवर उपाय म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नामबदलाची प्रसिद्धी, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मराठी दाखल्यांचे प्रमाणित भाषांतर. यासाठी लागतो तो तालुक्याचा वकील व नोटरी. कॅनडाच्या वकिलाची येथे काहीही गरज नाही. त्याला डॉलरमध्ये फी देऊन अखेर काम सेलूच्या न्यायालयाच्या आवारातच करवून घ्यावे लागते.

दुसरा प्रश्न निधीचा. स्थायिक होण्यापुरती रक्कम स्वतःच्या ताब्यात आहे हे दाखवावे लागते, आणि ती रक्कम दुसऱ्याकडून उसनी घेतलेली चालत नाही. मराठवाड्यातील कुटुंबाची मालमत्ता बहुतांशी शेतजमिनीत असते. स्थावर मालमत्तेचे मूल्य या कामी ग्राह्य नसते. सातबारा कितीही एकरांचा असो, तो येथे निरुपयोगी आहे. जमीन विकून वा वडिलांच्या ठेवीतून रक्कम खात्यात आली असेल, तर तिचा उगम दाखवणारे खरेदीखत वा बक्षीसपत्र जोडावे लागते.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न अनुभवाच्या प्रमाणपत्राचा. कॅनडास हवा असलेला अनुभव सशुल्क असावा लागतो. गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्ष सलग, आठवड्यास ३० तास, किंवा अर्धवेळ असल्यास आठवड्यास १५ तास याप्रमाणे २४ महिने, म्हणजे एकंदर १,५६० तास. प्रमाणपत्रावर पदनाम, कालावधी, आठवड्याचे तास, वेतन आणि कर्तव्यांचे वर्णन अपेक्षित असते. आता आपल्या महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकाचा विचार करावा. त्याची नियुक्ती शैक्षणिक वर्षापुरती, मानधन घेतलेल्या तासिकांपुरते, आणि उन्हाळ्यात खंड. प्रत्यक्षात तो परीक्षा, प्रवेश, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकची कागदपत्रे अशी कितीतरी कामे करतो, पण कागदावर त्याच्या नावे तेवढ्याच तासिका असतात. त्याचा अनुभव १५ तासांच्या कसोटीस उतरतो काय? वर्षाअखेरच्या खंडाने 'सलग' ही अट भंगते काय? प्राध्यापक व महाविद्यालयीन निदेशक यांच्यासाठी कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणात वेगवेगळे संकेतांक आहेत, त्यांपैकी कोणता त्याच्या कर्तव्यांशी जुळतो? हे प्रश्न खऱ्या अर्थाने कायद्याच्या अन्वयार्थाचे आहेत, आणि अशा ठिकाणी परवानाधारक वकिलाचा एकवेळचा सल्ला घेणे योग्य ठरते.

सहानुभूतीपोटी एखादा प्राचार्य आठवड्यास ३० तास असे प्रमाणपत्र लिहून देतो. दहा-बारा वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबलेल्या सहकाऱ्याचे एवढे तरी भले व्हावे, ही त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. परंतु मानधनाची देयके, बँकेचे विवरण आणि आयकराची नोंद वेगळेच सांगत असतात. अधिकाऱ्याने तपासणी केली, तर कायद्याच्या कलम ४० नुसार ते चुकीचे निवेदन ठरते. त्याची शिक्षा नोव्हेंबर २०१४ पूर्वी दोन वर्षांची प्रवेशबंदी होती. तेव्हापासून ती पाच वर्षांची झाली, आणि त्या काळात स्थायी निवासाचा अर्जही करता येत नाही. मजकूर आपण लिहिला नाही, एजंटाने लिहिला, हा बचाव सहसा टिकत नाही. अर्ज अर्जदाराचा मानला जातो. २०२३ मध्ये पंजाबसह भारतातील अनेक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे कॅनडात उघड झाले, तेव्हा हद्दपारीची टांगती तलवार प्रथम विद्यार्थ्यांवरच आली. फसवले गेलो हे सिद्ध करण्याची संधी त्यांना मिळाली ती मोठ्या आंदोलनानंतर व शासनाच्या हस्तक्षेपानंतर.

वकील केव्हा अपरिहार्य ठरतो :

काही परिस्थितींत मात्र स्वतः अर्ज भरण्याचा हट्ट धोक्याचा असतो. मराठवाड्याच्या संदर्भात सर्वप्रथम उल्लेख करावा लागेल तो पोलीस गुन्ह्यांचा. रास्ता रोको, मोर्चा, आरक्षणाचे आंदोलन यांत सहभागी झालेल्या अनेक तरुणांवर बेकायदा जमावाचे गुन्हे नोंदले गेले. बांधावरून भाऊबंदकीत झालेल्या भांडणात घरातील सर्व पुरुषांची नावे फिर्यादीत घालण्याची रीतही आपल्याकडे अपरिचित नाही. असा गुन्हा कॅनडाच्या कायद्यातील कोणत्या अपराधाशी समकक्ष आहे, यावर प्रवेशास अपात्रता ठरते. शासनाने खटला मागे घेतला असला तरी अर्जातील प्रश्न अटक वा आरोप झाला होता काय असा असेल, तर उत्तर 'होय' हेच द्यावे लागते आणि सोबत न्यायालयाचा आदेश जोडावा लागतो. येथे दोन वकील लागतात : एक येथील न्यायालयाच्या नकला काढून देणारा आणि दुसरा समकक्षतेचे मत देणारा.

घटस्फोट, मुलांच्या ताब्याचा वाद, दत्तक ही प्रकरणेही याच वर्गातील. सोबत न येणारे अपत्यदेखील अर्जात दाखवावे लागते व त्याची वैद्यकीय तपासणी करावी लागते. तसे न केल्यास पुढे त्या अपत्यास कुटुंब प्रवर्गातून बोलावण्याचा मार्ग बहुधा बंद होतो. पहिल्या विवाहाचे मूल लपवण्याचा सल्ला देणारे महाभाग आहेत, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल किंवा अधिकाऱ्याकडून शंका व्यक्त करणारे पत्र आले असेल, तर उत्तर देण्यापूर्वी वकिलास विचारावे. त्या पत्रास दिलेले उत्तर हीच पुढे न्यायालयापुढील नोंद बनते. अर्ज नाकारला गेल्यास कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध संघीय न्यायालयात परवानगी अर्ज करण्याची मुदत ६० दिवसांची आहे, आणि त्या न्यायालयात परवानाधारक सल्लागार प्रतिनिधित्व करू शकत नाही. तेथे वकीलच लागतो.

वकिलांच्या सामर्थ्याचे एक उदाहरण ब्रिटनमधील आहे. २००२ मध्ये तेथे उच्चकुशल स्थलांतरित योजना सुरू झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये मुदतवाढीचे निकष बदलून ते आधीच आलेल्या लोकांनाही लावले गेले. नोकऱ्या व घरे सोडून आलेल्या या व्यावसायिकांत भारतीयांची संख्या मोठी होती. त्यांनी 'एच.एस.एम.पी. फोरम' ही संघटना उभारून दावा लावला आणि ८ एप्रिल २००८ रोजी उच्च न्यायालयाने आधी आलेल्यांना नवे निकष लावणे अन्यायकारक ठरवले. एकेकट्या अर्जदाराने घातलेली पत्रे जे करू शकली नव्हती ते संघटित दाव्याने केले. कॅनडातील २०१२ च्या प्रकरणाचा शेवट याच्या उलट झाला, कारण तेथे नियमाऐवजी संसदेचा कायदाच आडवा होता. वकील कितीही नामांकित असो, हा फरक त्याला ओलांडता येत नाही.

नोकरीदात्यामार्फत होणारे स्थलांतर :

अमेरिका व ब्रिटन यांच्या बाबतीत मूळ प्रश्नच बदलतो. एच-१बी व्हिसाचा अर्ज नोकरीदाता कंपनी करते, आणि वकीलही तीच नेमते. ग्रीन कार्डासाठीच्या श्रम प्रमाणपत्राचा वकिली खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास जुलै २००७ पासून बंदी आहे. तरीही कंपनीचा वकील कंपनीचे हित आधी पाहणार हे ओळखून, नोकरी बदलण्याच्या वेळी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

जर्मनीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केल्यापासून ग्रामीण भागातही जर्मन भाषेची विचारणा होऊ लागली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक असे व्यवसाय त्यात येतात. तेथील प्रक्रियेचा कणा भाषा आणि पदवी वा प्रशिक्षणाची मान्यता हा आहे. या दोन्हींत वकिलाचे काम नगण्य. जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यास दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय मात्र बंद झाली. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा करणे एवढेच उरले. दाव्यापेक्षा दोष दूर करून नवा अर्ज करणे बहुतेकांना परवडते.

फी, करारनामा आणि दाद :

सर्व काही वकिलावर सोपवणे आणि वकील अजिबात न घेणे यांच्यामध्ये एक मार्ग आहे, आणि आपल्याकडील बहुसंख्य अर्जदारांसाठी तोच श्रेयस्कर वाटतो. अर्ज स्वतः भरावा. विशिष्ट प्रश्नावर तासाभराचा सशुल्क सल्ला घ्यावा. किंवा दाखल करण्यापूर्वी केवळ तपासणीसाठी फी द्यावी. अनेक परवानाधारक अशी मर्यादित सेवा देतात. करारनामा लेखी असावा. त्यात कोणते काम, कोणत्या टप्प्यास किती फी, शासकीय शुल्क वेगळे की एकत्र, आणि काम न झाल्यास किती रक्कम परत, हे स्पष्ट असावे. खात्याचा संकेतशब्द अर्जदाराकडेच राहावा. तुलनेसाठी सांगायचे तर एप्रिल २०२४ मध्ये कॅनडाने प्रौढ अर्जदाराचे प्रक्रिया व निवास हक्क शुल्क मिळून १,५२५ डॉलर केले होते. एजंटाने मागितलेल्या रकमेतून अशी शासकीय शुल्के वजा करून पाहिली, की त्याचा स्वतःचा वाटा कळतो.

फसवणूक झाल्यास दाद कोठे मागावी, याबाबत आपल्याकडे एक विलक्षण स्थिती आहे. १४ मे २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. सल्लागार कंपनी मात्र त्या कक्षेत येते. म्हणजे भारतीय वकिलाच्या हलगर्जीपणाविरुद्ध विधिज्ञ परिषद वा दिवाणी न्यायालय गाठावे लागेल, तर सल्लागार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे पुण्याच्या वा दिल्लीच्या कंपनीविरुद्ध देवगाव फाट्याच्या अर्जदाराला परभणीच्या जिल्हा आयोगात जाता येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पावती नसलेल्या रोख रकमेचा पुरावा तेथेही उभा करावा लागतो. परदेशी परवानाधारकाविरुद्धची तक्रार त्याच्या नियामक संस्थेकडे घरबसल्या करता येते. परवाना नसलेल्याविरुद्ध ती संस्था अर्जदाराची रक्कम परत मिळवून देऊ शकत नाही.